पालकांनी गेटाबाहेर बसावं

...नाय, तुम्ही आधी खाली बसा की. त्या गेटाच्या फटीला डोळा लावून काय दिसणार हाय तुम्हाला? पोर आत हाय, मॅडम आत हायत, पंखे आत हायत. बाहेर आपण आणि हे जांभळाचं झाड. अहो भाऊ, निळ्या शर्टवाले, तुम्हालाच सांगते, टाचा उंच करून उभे हाय ते... उद्या पोटऱ्या धरतील आणि परवा तुमच्या पोरानंच तुम्हाला हाताला धरून आणायला लागेल. बसा. सावली हाय, पाणी हाय, मी फणसाचे गरे आणलेत. घ्या, घ्या, लाजू नका, कापा फणस हाय, बरका नाय, हाताला चिकट लागायचा नाय.

मी कोण म्हणून विचारताय? मी चंद्रभागा. पोलादपुरात उतरून पुढं जायचं, कापडं गाव, तिथली. आता माझं कोणी पोर ह्या शिबिरात नाय, पण वैशाली मॅडम दर मे महिन्यात फोन करतात. "काकू, नवीन पालक आलेत, गेटावरून हलत नाहीत. पहिला दिवस तुम्ही येऊन बसाल का त्यांच्याजवळ?" आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणतात, "काकांना नका आणू हं." आता काय बोलायचं? मॅडमचं खरं हाय. ह्यांना आणलं असतं तर एव्हाना हे गेट ओलांडून आत जाऊन बसले असते, आणि बाहेर या म्हणून ह्यांना सांगणार कोण?

हे म्हणजे आमचे हे. एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी महाड डेपोला. रिटायर झाले त्या दिवशी हार घातला, नारळ दिला, फोटो काढला... पण घंटीची दोरी काय ह्यांच्या हातातून सुटली नाय. घरात चार माणसं एका दारातून निघाली तरी, "उतरणारे आधी, उतरणारे आधी." देवळात आरतीला उभे राहिले की, "पुढे सरका, मध्ये जागा हाय." अहो, माझ्या भाच्याच्या लग्नात नवरा-नवरी बोहल्यावर उभी, आणि हे मागून, "दारात गर्दी करू नका." भटजीपण गप्प झाले. मी पदर तोंडाला लावून बसले, दुसरं काय करणार?

तर तुम्हाला सांगते, आमचा ओम. किशोरचा मुलगा. किशोर आणि सून अक्षदा, दोघंही पनवेलला कामाला. ओम तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर बघायचा नाय, मिक्सर लावला की कानावर हात ठेवून ओरडायचा, आणि बिल्डिंगमधली माणसं काय हो, भिंतीवर थापा मारायची. दोघं कामाला गेली की त्याच्याजवळ थांबणार कोण? म्हणून त्याला आमच्याकडं आणला. थोडे दिवस म्हणून आणला तो चार वर्षं राहिला. अक्षदा दर सुट्टीला यायची, त्याच्या बाजूला बसायची, हा तिच्या बांगड्या फिरवत राहायचा, आणि निघताना ती पोरगी रस्त्यापर्यंत मागं वळून बघायची नाय. बघितलं असतं तर गेली नसती, मला काय समजत नाय?

आणि ओमचं सगळं चालायचं ते ह्यांच्या घंटीवर. म्हणजे काय, ऐका. त्या पोराला एकदम उठवलं, एकदम आंघोळीला नेलं की जमिनीवर आडवा. मग कोणी आलं तरी उठायचा नाय. हे काय करायचे, पितळेची वाटी आणि चमचा घ्यायचे आणि ओरडायचे, "पुढचा थांबा आंघोळऽऽ, आंघोळवाले तयार राहा." थोडा वेळ जाऊ द्यायचे. मग चमच्यानं टिंग टिंग, डबल बेल, म्हणजे गाडी सुटली... की हा उठून मोरीत हजर. पुढचा थांबा जेवण. टिंग टिंग. पुढचा थांबा झोप. टिंग टिंग. आणि एक टिंग म्हणजे थांबायचं. विहिरीकडं धावत सुटला तरी एक टिंग ऐकली की जागेवर उभा. मला हसू यायचं, पण पोर शांत राहायचं ना, मग माझ्या घराचा स्टँड झाला तर झाला.

पण एकदा हे नाते गावाला गेले, ह्यांच्या बहिणीकडं मयत झालं होतं. सकाळी ओम उठेना. मी वाटी घेतली, चमचा घेतला, टिंग टिंग केलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मी विनातिकीट चढलेय. दुसऱ्यांदा वाजवली तर कुशीवर वळला. दिवसभर दूधसुद्धा घेतलं नाय. संध्याकाळी हे आले, पायावर पाणी घेतलं आणि वाटी वाजवली, पोर उठून पाटावर. आणि आमचे हे, मयताच्या घरून आलेला माणूस, मिशीत हसले हो. "माझ्याशिवाय त्याचं चालत नाय," म्हणाले. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं, अहो, आपलं वय काय, त्याचं वय काय, उद्या आपण नसलो म्हणजे? पण ह्यांना सांगणार कोण?

अक्षदानं पनवेलला एक शाळा शोधली, अशा मुलांना सगळ्यांबरोबर बसवून घेणारी. त्यांचं एकच म्हणणं होतं, पोर घरच्या माणसाचा हात सोडून दिवसभर राहिलं पाहिजे. तेवढं जमलं तर जूनमध्ये घेतो. आणि तिनंच ह्या शिबिराचं काढलं. "बाबा, महाडला मे महिन्यात असतं. राहिला तर जूनमध्ये नेते त्याला." हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे काय, ते मला विचारा. तो माणूस रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर.

तर पहिला दिवस. पहाटेची गाडी धरून पोलादपूर, तिथून दुसरी गाडी, इथं ह्याच गेटावर. ओम ह्यांच्या बोटाला, मी मागं डबा घेऊन. मी कशाला आले? ह्यांच्यावर लक्ष ठेवायला. वैशाली मॅडम दारातच हसून उभ्या. ओमला त्यांनी हात नाय लावला, खाली बसल्या आणि त्याच्यासमोर चित्रं धरली... आधी गाणं, मग माती, मग खाऊ, मग खेळ. "पुढे काय येणार हे आधीच कळलं ना, की मुलांना भीती वाटत नाही." हे माझ्याकडं बघून म्हणाले, "आपलेच थांबे की गो, नुसते रंगवलेत." आणि खूश होऊन पोराबरोबर आत गेले आणि त्या एवढ्याशा खुर्चीवर, गुडघे कानाला लागतील अशा, बसले.

"काका, पालकांनी गेटाबाहेर बसायचं."

"मी पालक नाय, कंडक्टर हाय. गाडी सोडून कंडक्टर उतरत नाय."

मॅडम हसल्या आणि ह्यांच्या हाताला धरून बाहेर आणून सोडलं. आत ओमनं जी बोंब ठोकली, इथं जांभळावरचे कावळे उडाले. ह्यांनी गेटाचे गज धरले. तुम्ही आता धरलेत ना भाऊ, तसेच.

मग काय, बहाणे सुरू. पोराची टोपी राहिली, नेऊन देतो. पाण्याची बाटली राहिली. रुमाल राहिला. टोपी तर स्वतःच खिशात घालून बाहेर आणलेली असायची, मी बघितलेली. एकदा तर नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर त्याचा पाना धरून आत गेले. आणि बाहेर या म्हणून... व्हय, तुम्हीपण शिकलात, ह्यांना सांगणार कोण?

आत काय चालायचं ते मला मासूमाकडून कळायचं. मासूमा महाडचीच, तिचा नवरा अझीम कुवेतला. तिची मुलगी अलीशबा अगदी साधी, म्हणजे हिंडतीफिरती, बोलकी. मी पहिल्याच दिवशी विचारलं, अगो, तुझ्या मुलीला काय झालंय? ती म्हणाली, "मावशी, हिला काय नाय झालेला, ह्या शिबिरात सगलीच पोरा येतान." मॅडमनी प्रत्येकाला जोडीदार दिला होता. आमच्या ओमला अलीशबा. तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाय, ह्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाय. ती दिवसभर दोघांचंही बोलायची. "ओमला लाल रंग पाहिजे. ओमला केळं नको. ओम म्हणतो नासिरने मला ढकललं." ओम काय म्हणायचा नाय, पण बसायचा तिच्याशेजारीच. आणि तो नासिर, तो एका जागी दोन मिनिटं ठरायचा नाय, राग आला की हात उचलायचा, तर मॅडमनी त्यालाच सगळ्यांचा खाऊ वाटायला लावला. हात खाऊत गुंतले, मारणार कुठून?

काय दिवस होते हो ते... मी आणि मासूमा इथं, जांभळाच्या ह्याच मुळीवर. ती तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी आणायची, मी फणसाची भाजी. झाडावरून जांभळं पडायची, दोघींच्या जिभा जांभळ्या, आणि आम्ही पोरींसारख्या एकमेकींना जीभ काढून दाखवायचो. चार वर्षांत मी कोणाशी बोलले नव्हते. गावात बायका विचारायच्या, "बोलतो का गो तुमचा ओम?" म्हणून मी पाण्यालासुद्धा उशिरा जायची. इथं कोणी विचारायचं नाय. इथं कोणाचं पोर ओरडलं तर बाकीच्या आया डबा पुढं करायच्या. आता मासूमापण कुवेतला गेली. कधी कधी वाटतं, तो एक उन्हाळा परत मिळाला तर मी गेटाबाहेरसुद्धा आनंदानं बसेन... आता बसलेच हाय म्हणा.

पण सांगत काय होते? हां, शांत कोपरा. आत मागच्या खोलीत मॅडमनी साड्या बांधून तंबू केला होता, गादी, उशा, आत अंधार. ज्या पोराला आवाज जास्त झाला त्यानं त्यात जाऊन बसायचं. आणि नियम असा, की आत जो गेला त्याला कोणी हाक मारायची नाय, तो आपणहून बाहेर येईपर्यंत बाकीच्यांनी हळू बोलायचं. तर एके दिवशी जेवणानंतर बघते, हे जागेवर नाय. म्हटलं गेले असतील तंबाखूला. आणि थोड्या वेळानं आत सगळं चिडीचूप. पन्नासएक पोरांचं शिबिर आणि आवाज नाय? मासूमा आणि मी एकमेकींकडं बघतो. गेटापाशी अलीशबा आली, बोट ओठावर ठेवून, चवड्यांवर चालत.

"आजी, हळू बोला. शांत कोपऱ्यात आजोबा झोपलेत. घोरतायत."

मागच्या खिडकीतून शिरले होते हो, ह्या वयात. ओमला नुसता बघायला म्हणून तंबूत बसले, थंडगार लागलं आणि डोळा लागला. आणि ती पोरं, नियम म्हणजे नियम. कोणी ह्यांना उठवलं नाय. नासिर, ज्याला दोन मिनिटं बसवत नाय, तो दारात पहारा देत उभा. सगळी हळूहळू मागच्या अंगणात गेली आणि तिथं मातीत खेळत बसली. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा, काकू."

ऊन उतरलं तेव्हा हे बाहेर आले, मिशीला कापूस लागलेला. मॅडमनी बाजूला घेतलं. मला वाटलं आता घेणार हजेरी. पण त्या म्हणाल्या, "काका, आज ओम पूर्ण दुपार तुमच्याशिवाय होता. तुम्ही आत झोपलात हे त्याला कळलंच नाही. अलीशबाने चित्र दाखवलं, तो उठला आणि गेला. रडला नाही."

"असं?" हे म्हणाले. "मग बरंच झालं की."

पोलादपूरची गाडी धरली. गाडीत जागा असून "पुढे सरका" म्हणाले नाय, म्हणजे बघा. ओम खिडकीत, त्याचं डोकं ह्यांच्या दंडावर. घरी आल्यावर ओटीवर बसले आणि म्हणाले, "पोरगं तयार होणार गो." माणूस वाईट बातमी सांगतो ना, तसं सांगितलं. मी पण आत चुलीपाशी जाऊन डोळे पुसले, धुराचं निमित्त केलं. आम्हाला दोघांनाही पाहिजे होतं की ओमला जमावं, आणि दोघांनाही नको होतं. दोन्ही खरं. ह्यात खोटं काय नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओमच्या कपाळावर हात ठेवून बसलेले. "अंग गरम लागतंय. आज राहू दे शिबिर." अहो, मे महिना. माझं अंग गरम होतं, म्हशीचं अंग गरम होतं, भिंतीला हात लावला तर भिंतीला ताप. पण ह्यांना सांगणार कोण? मी डबा भरता भरता थांबले. खोटं नाय सांगत, मी भरलेला डबा परत उघडला. आणि तेवढ्यात मागून आवाज. टिंग टिंग.

ओम. पायात चपला, त्याही उलट्या, पाठीला पिशवी, हातात वाटी आणि चमचा. दारात उभा. त्यानं आयुष्यात कधी ती वाटी हातात घेतली नव्हती. आमच्याकडं बघत नव्हता, रस्त्याकडं बघत होता. परत वाजवली. टिंग टिंग. आता कंडक्टरला डबल बेल दिल्यावर काय करायचं हे काय मी शिकवायला पाहिजे? हे उठले, सदरा घातला, चपला सरळ करून दिल्या. निघालो आम्ही.

मग शेवटचा दिवस, कार्यक्रम. किशोर आणि अक्षदा पनवेलहून आलेली. पोरांनी खुर्च्यांची एस.टी. केली होती, पुढं नासिर ड्रायव्हर, हातात ताट धरून, तोंडानं इंजिन चालवतोय. अलीशबा प्रवासी, काखेत कापडाची कोंबडी. वरून दोरी सोडलेली, टोकाला शाळेची घंटी. आणि कंडक्टर ओम. मॅडमनी आधीच ह्यांना बजावून ठेवलेलं, "काका, आज त्याच्या वतीने बोलायचं नाही. कितीही वेळ लागू दे." पालकांनीपण प्रवासी म्हणून बसायचं होतं. ह्यांनी कुठं बसावं? पुढच्या दाराजवळ, कंडक्टरच्या जागेवर. सवय हो, पाय आपोआप तिथंच गेले.

ओमनं डबल बेल दिली. गाडी सुटली. आता त्यानं थांबा सांगायचा. नासिरचं इंजिन गुरगुरतंय. ओम दोरी धरून उभा, ओठ हलतात, आवाज नाय. अक्षदानं खाली मान घातली, बांगड्या घट्ट धरून बसली. आणि आमच्या ह्यांना राहवेना. आधी कुजबुजले, "पोलादपूर... म्हण, पोलादपूर." मॅडमनी लांबून ओठावर बोट ठेवलं. ह्यांनी बघितलंच नाय. जरा मोठ्यानं, "पोलादपूरऽऽ, पोलादपूरवाले तयार राहा..."

ओमनं दोरी ओढली. एकदाच. टिंग.

नासिरनं तोंडानं ब्रेक मारला. ओम दोरी सोडून आला, ह्यांच्यासमोर उभा राहिला, सदऱ्याची बाही धरली. आणि तुम्हाला सांगते, स्वच्छ, खणखणीत, अगदी ह्यांच्याच आवाजात...

"कापडं आलं. उतरा."

सगळे हसले. कापडं म्हणजे आमचंच गाव, ह्यांना वाटलं पोर थांबा चुकला. "अरे, मी शेवटपर्यंत हाय."

"कापडं आलं. उतरणारे आधी."

इतकी वर्षं मी म्हणत आले, ह्यांना सांगणार कोण, ह्यांना सांगणार कोण. आणि सांगितलं कोणी? ज्याला बोलता येत नाय म्हणून आम्ही इथवर आलो, त्यानं. हे उठले. जागेवरून उठले आणि खुर्च्यांच्या बाहेर, भिंतीला जाऊन उभे राहिले. ओमनं मागं वळून बघितलं नाय, त्याला पुढची गाडी चालवायची होती. टिंग टिंग. "पोलादपूर. म्हाड. पनवेल." एकामागून एक. अक्षदा तोंडात पदर कोंबून रडत होती, किशोर तिच्या पाठीवर हात फिरवत होता. आणि हे भिंतीशी, हात अर्धवट वर केलेला, नाक्यावर माणूस गाडीला निरोप देतो तसा. मी जाऊन बाजूला उभी राहिले. म्हणाले, "वेळेवर सोडली गो गाडी." एवढंच म्हणाले.

जूनमध्ये ओम गेला. त्या गोष्टीला आता झाली की चार-पाच वर्षं. शाळेत जातो, चिडला की सांगतो, मी चिडलोय म्हणून. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. आवाज आता घोगरा झालाय. "आजोबा. जेवलात? ठेवतो." झालं, ठेवला. त्याला तेवढंच बोलायचं असतं, मनात आलं की करतो, बोलून झालं की ठेवतो, त्यात त्याचं काय चुकतं? पण आमचे हे फोन कानाला लावून बसलेले असतात. "हां जेवलो रे बाळा... म्हशीला पारडू झालंय... घाटात नवीन रस्ता केलाय, तू आलास की बघ... आजी बरी हाय..." अर्धा अर्धा तास. फोन कधीचा बंद, काच काळी पडलेली, मला चुलीपासनं दिसते. मी हाक मारत नाय. भाकरी थापत असते ती जरा हळू थापते, ह्यांच्या बोलण्यात आवाज नको.